दहा दिवसांचं पिल्लू

मंगळवार, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. प्रतबाईला खुर्चीत बसून अर्धा तास झाला होता आणि शेजारचा चहा भरलेलाच होता, वर साय धरलेला. पडद्यावर चौदा ओळींची यादी होती. रोज सकाळी ती ही यादी वरून खाली वाचते, मग खालून वर. अकरा वर्षांत सवय मोडलेली नाही. गेल्या आठ महिन्यांत तर तिच्या दिवसात सवयीखेरीज फारसं काही उरलेलं नाही.

प्रतबाई हे नाव पगारपत्रकावर नाही. कृत्रिम हातपाय तयार करणाऱ्या या संस्थेत ती कॉम्प्युटरचे बॅकअप सांभाळते, म्हणजे प्रत्येक गोष्टीची एक प्रत ठेवते, म्हणून प्रतबाई. तिची खोली सगळ्यात वर, छपराखाली. तिथून तळमजल्यापर्यंत दोन जिने, बावन्न पायऱ्या. खोलीत एक खिडकी, दोन कपाटांएवढी यंत्रं आणि त्यांची न थांबणारी घरघर. नवीन माणसाचं डोकं पंधरा मिनिटांत दुखायला लागतं. तिला ती आता ऐकूच येत नाही.

यादी पिल्लांची होती. पिल्लू हा इथला शब्द. एखाद्या कॉम्प्युटरच्या अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एका मोठ्या फाईलमध्ये बंद करून ठेवतात, तिला इमेज म्हणतात. जुनं काही बघायचं झालं तर ती इमेज माउंट करायची, इथल्या बोलीत चढवायची. चढवली की कॉम्प्युटरला वाटतं एक जादा डिस्क जोडली. आत फिरा, उघडा, बघा. मात्र मूळ इमेजला धक्का लागता कामा नये. म्हणून चढवताना लिहायची मुभा दिली तर शेजारी आणखी एक फाईल जन्माला येते, आणि केलेला प्रत्येक बदल इमेजमध्ये न जाता त्या फाईलमध्ये जाऊन बसतो. बघणाऱ्याला फरक कळत नाही. हेच पिल्लू. इमेज उतरवताना पडद्यावर प्रश्न येतो: बदल ठेवायचे का? ‘नाही’ म्हटलं की पिल्लू पुसलं जातं, इमेज होती तशीच राहते.

शंभरातली नव्व्याण्णव पिल्लं कचराच असतात. नुसतं बघायला गेलं तरी प्रोग्रॅम आपल्या सोयीचं काहीबाही लिहून ठेवतात. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. सहा वर्षांपूर्वी अशा पिल्लांनी स्टोरेज काठोकाठ भरलं आणि तीन दिवस कुणाचाही बॅकअप झाला नाही. त्यानंतर प्रतबाईने दोन नियम केले. एक, प्रत्येक टेबलासमोर लॅमिनेट केलेला कागद चिकटवला, लाल अक्षरांत: ‘बदल ठेवायचे का? विचारलं तर नाही.’ दुसरा, रोज दुपारी पावणेएकला आपोआप सफाई. दहा दिवस भरलेलं कुठलंही पिल्लू, त्याची इमेज चढलेली असली तरी उतरवून, साफ. संध्याकाळच्या बॅकअपमधूनही पिल्लं वगळली. उकिरड्याची नक्कल कोण ठेवतं, असं ती तेव्हा साहेबांना म्हणाली होती, आणि साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते दोन मीटिंगांमध्ये स्वतःचं म्हणून सांगितलं.

आज खालून वर वाचताना ती सातव्या ओळीवर थांबली. खोली क्रमांक चार. वय दहा दिवस, म्हणजे आज पावणेएकला जाणार. त्यात काही विशेष नव्हतं. पण आकार कालच्यापेक्षा मोठा होता. तिने कालची यादी काढली, परवाची काढली. दर दिवशी थोडं थोडं, सारख्या प्रमाणात वाढलेलं. कचरा असा वाढत नाही. कचरा पहिल्या दिवशी एकदम होतो आणि मग पडून राहतो. हे रोज कुणीतरी भरवत होतं.

खोली चार म्हणजे मास्तरांची. मास्तर मापं घेतात. पाय गेलेला माणूस आला की उरलेल्या भागाला टेप आणि कॅलिपर लावून पंचवीसेक मापं, वर त्या माणसाने सांगितलेलं: कुठे दुखतं, कुठे दाब सहन होत नाही, कुठली बाजू बधिर आहे. मग प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा. मापं आणि टिपा मास्तर कॉम्प्युटरमध्ये भरतात आणि त्यावरून खालच्या कार्यशाळेत, उरलेला भाग ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण तयार होते. ती दोन मिलिमीटर चुकली तर माणूस पाय घेऊन घरी जातो आणि तो खाटेखाली ठेवून देतो.

दहा दिवसांपूर्वी मास्तरांचं मशीन बंद पडलं. नवीन दोन दिवसांत येणार होतं, ते अजून यायचंय. तोवर जुन्या रुग्णांची मापं बघता यावीत म्हणून प्रतबाईने त्यांच्या जुन्या डिस्कची इमेज एका उसन्या मशीनवर चढवून दिली, एम ड्राइव्ह म्हणून. मापांचा प्रोग्रॅम सुरू होईना, कारण त्याला सुरू होतानाच स्वतःचं काहीतरी लिहायचं असतं. तिने लिहायच्या मुभेच्या चौकटीत खूण केली. प्रोग्रॅम सुरू झाला. ‘बघण्यापुरतं आहे हं,’ असं ती म्हणाली आणि वर निघून आली. ते बोलणं तिला आठवत होतं. त्या दिवसातलं दुसरं काहीही आठवत नव्हतं.

तिने इंटरकॉम उचलला.

“मास्तर, एम ड्राइव्ह अजून उघडाच आहे का?”

“आहे की. का गं बाई, आज सकाळी सकाळी झडती?”

“त्यात तुम्ही नवीन...”

“अगं हो हो, कळलं. दहा दिवस झाले, तुझा नियम मला पाठ आहे. बंद करतो. पेशंट बसलाय, ठेवतो.”

“मास्तर, बंद नका...”

रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. तिने परत लावला. वाजत राहिला. ती उठली आणि जिने उतरली. पळाली नाही. बावन्न पायऱ्या तिने मोजल्या, नेहमी मोजते तशा.

खोली चारमध्ये एक गृहस्थ विजारीचा पाय वर दुमडून बाकावर बसले होते. मास्तर त्यांच्या मांडीभोवती टेप धरून उभे होते. त्यांनी हनुवटीने पडद्याकडे खूण केली.

“झालं तुझं काम. बघ, शिस्तीत उतरवलं. विचारलं त्याने, बदल ठेवायचे का म्हणून.” मग भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे. “म्हटलं, नाही.”

प्रतबाई पडद्यासमोर बसली. एम ड्राइव्ह नव्हता.

“या दहा दिवसांत नवीन पेशंट कुठे भरलेत?”

“कुठे म्हणजे? प्रोग्रॅममध्ये.”

“प्रोग्रॅम कुठून उघडत होतात?”

“तू दाखवलंस तिथून. एममधून.” मास्तरांनी टेप सैल सोडला. “का?”

तिने सांगितलं. कमीत कमी शब्दांत, गाडी चुकली असं सांगावं तसं. मास्तर ऐकत राहिले. बाकावरच्या गृहस्थांनीही ऐकलं आणि विजारीचा पाय हळूच खाली केला.

“तू बघण्यापुरतं म्हणाली होतीस,” मास्तर म्हणाले.

“हो.”

“मग लिहू कशाला दिलंस?”

या प्रश्नाला उत्तर होतं, ते लांबलचक होतं आणि त्याचा उपयोग नव्हता. “चूक झाली,” ती म्हणाली.

“सत्तावीस जणं आहेत, बाई. नऊ दिवस, रोज तीन.”

वर जाऊन तिने जे करता येतं ते केलं. पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती सापडू शकते. पण रोज साडेआठला हिशेब विभागाची मोठी नक्कल त्याच स्टोरेजवर सुरू होते. ती अर्ध्यावर आली होती. प्रतबाईने ती थांबवली, शोधायचा प्रोग्रॅम लावला आणि वीस मिनिटं निळी पट्टी सरकताना बघितली. पिल्लाचं नाव सापडलं, तारीख सापडली. आकाराच्या रकान्यात शून्य होतं.

असं नाव आणि असं शून्य तिने याआधी एकदा बघितलं होतं, घरी.

साहेब दहाला आले. संस्थेचा कारभार बघणारा, सुटाबुटातला, आवाज न चढवणारा माणूस. मास्तरांना निवृत्तीला तीन महिने राहिले होते आणि साहेबांना ते तीन महिने फार लांबलेले वाटत होते.

“किती गेलं?”

“सत्तावीस.”

“फायली?”

“माणसं.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “मास्तरांनीच दाबलं ना?”

“दाबलं. मी सांगितलेलं दाबलं.”

“नाही म्हणजे, एवढा अनुभवी माणूस, जरा बघायला नको? मॅडम, तुम्ही मला दोन ओळी लिहून द्या. कुणी, किती वाजता, काय केलं. बाकी मी बघतो.”

“देते,” ती म्हणाली, आणि तिथेच उभ्याने लिहून दिलं. साहेबांनी वाचलं. त्यात मास्तरांचं नाव एकदा होतं आणि तिचं चार वेळा: मुभा दिली, कागद चिकटवला, दहा दिवसांची मुदत ठेवली, पिल्लं बॅकअपमधून वगळली.

“हे असं नको होतं मला,” साहेब म्हणाले.

“झालं असंच.”

“तुम्ही जरा...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. आठ महिन्यांपासून सगळे तिच्याशी बोलताना वाक्यं सोडून देतात. “आणि आता त्या सत्तावीस जणांचं काय? परत बोलवायचे? त्यातले अर्धे सहा सहा तास प्रवास करून आलेत.”

“मास्तरांशी बोलते.”

मास्तर प्लास्टरच्या खोलीत होते. हात धुऊन, बाह्या सरसावून, मांडणीसमोर उभे. मांडणीवर पांढरे साचे ओळीने ठेवलेले, प्रत्येकावर जांभळ्या पेन्सिलने क्रमांक. ही पेन्सिल ओल्या प्लास्टरवरही उमटते. हाडाचा उंचवटा, नाजूक जागा, सगळ्याच्या खुणा माणसाच्या त्वचेवर काढतात आणि त्या साच्याच्या आतल्या बाजूला उतरतात.

“एकोणीस आहेत,” मास्तर म्हणाले. “आठ पुढे गेले. त्यांत प्लास्टर ओतून झालंय, वरचं कवच फोडलंय, आतलं घासायला घेतलंय. घासलं की मूळ माप संपलं. ते आठ परत बोलवावे लागतील, त्याला इलाज नाही. पण हे एकोणीस आपल्याला सांगतील.”

“माप निघेल?”

“आतून कॅलिपर लावून निघेल. मापाचं नाही गं. टिपांचं काय करायचं ते बघतोय.” त्यांनी एक साचा उचलला, आत अंगठा घातला आणि तो कडेने हळूहळू फिरवला. मिनिटभर गेलं. “लिही. आतल्या बाजूला, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, दाब चालत नाही. हा ट्रक चालवायचा. तिथे हात लावला की दात खायचा आणि म्हणायचा, काही नाही हो, काही नाही.”

“नाव?”

“नाव काय ठाऊक मला. क्रमांक बघ, पुढच्या नोंदणीच्या टेबलावरच्या वहीत असेल. मला माणसं चेहऱ्याने आठवत नाहीत, बाई. बाजारात समोर आली तर ओळख पटत नाही, घरची मंडळी म्हणतात माणूसघाणा आहे.”

तिने उसनं मशीन प्लास्टरच्या खोलीत आणून टेबलावर मांडलं, प्रोग्रॅम या वेळी त्याच्या स्वतःच्या डिस्कवर घातला, एक नोंद भरली, ती कुठे साठली ते उघडून बघितलं, मग पुढची. प्रत्येक नोंदीनंतर तिने हे केलं. मास्तरांनी ते दोनदा नुसतं बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, “दुधाने तोंड पोळलंय म्हणून ताकही फुंकतेस.”

“फुंकते.”

“फुंक बाई. मी काय घाईत आहे? तीन महिने आहेत माझे. साहेबांना विचार.”

सहावा साचा लहान होता. मास्तरांनी तो बराच वेळ हातात धरला. “शाळेतली मास्तरीण. ही रडली नाही, उलट मलाच शिकवत होती टेप कसा धरायचा. मागची बाजू बधिर. टाचणी लावली तरी कळत नाही म्हणाली. लिही, बधिर, म्हणून जास्त जपायचं. जिथे दुखतं तिथे माणूस स्वतःच सांभाळतो. जिथे कळत नाही तिथे जखम होते.”

प्रतबाईने टंकलं. बधिर, जास्त जपायचं.

दहावा संपल्यावर मास्तर पाणी प्यायले आणि स्टुलावर टेकले. “एक विचारू? तुला सकाळी मी सांगितलं, ‘नाही’ दाबलं म्हणून, तर तू ओरडली नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर माझा गळा धरला असता.”

“माझा हात पण असाच गेला होता.”

“कधी?”

“नवऱ्याचा लॅपटॉप बंद पडला होता, तो आजारी असताना. मी त्याची इमेज माझ्या मशीनवर चढवून दिली होती. लिहायच्या मुभेसकट. सहा आठवडे तो त्यात लिहीत होता. पोरीसाठी काहीतरी. मग तो गेला. त्या दुपारी घरी आले, मशीन चालू दिसलं, बंद करायला बसले. विचारलं त्याने, बदल ठेवायचे का.”

बाहेर कार्यशाळेत घासायचं यंत्र सुरू झालं आणि थांबलं.

“काय लिहिलं होतं?”

“वाचलं नव्हतं. त्यामुळे काय गेलं ते सांगता येत नाही.”

“पोरीला माहितेय?”

“शोधतेय म्हणून सांगितलंय.”

“आठ महिने शोधतेयस?”

“हो.”

मास्तरांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. उठले आणि अकरावा साचा उचलला. “हा आपला गायक. माप घेताना गात होता. सुराच्या नावाने बोंब. लिही, बाहेरची बाजू.”

पावणेएक वाजले तेव्हा ते चौदाव्यावर होते. वरच्या खोलीत सफाई आपोआप चालली. सातवी ओळ सोडून मुदत भरलेली आणखी दोन पिल्लं होती, ती गेली. प्रतबाईने घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा टंकायला लागली.

सव्वाएकला लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि जेवणाच्या सुट्टीत आईला फोन करते. आधी हा फोन आठवड्यातून एकदा यायचा.

“जेवलीस का?”

“जेवेन.”

“आई, तू ना. बरं, बाबांच्या त्या लिखाणाचं काय झालं? मी म्हटलं, कुणी जाणकार माणूस गाठू का इकडे?”

“ते नाहीये,” प्रतबाई म्हणाली. मास्तर साचा घेऊन खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. “माझ्या हातून पुसलं गेलं. त्याच दिवशी. शोधतेय म्हणाले ते खोटं होतं. शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं.”

पलीकडे कुणीतरी थाळी ठेवल्याचा आवाज आला.

“तू वाचलं होतंस?”

“नाही.”

मग लेक म्हणाली, “मला थोडंसं माहितेय. बाबा एकदा फोनवर वाचून दाखवत होते. घरातल्या वस्तूंची यादी होती. कुठल्या नळाला कुठला वॉशर लागतो वगैरे. मी म्हटलं, बाबा, हे काय मला कशाला. तर म्हणाले, आईला विचारू नकोस, तिला माहीत नसतं.”

“खरं आहे,” प्रतबाई म्हणाली. “नव्हतं माहीत.”

“मी उद्या करते फोन.”

“कर.”

तिने फोन उलटा ठेवला. तिला काही वाटलं का, हे तिला सांगता आलं नसतं. तिने पंधराव्या साच्याचा क्रमांक मोठ्याने वाचला आणि मास्तर खिडकीपासून वळले.

एकोणिसावी नोंद चार वाजून पाच मिनिटांनी भरून झाली. नोंदी दोन ठिकाणी उतरवून घेतल्या, कागदावरही छापल्या. कागदांचा गठ्ठा मास्तरांनी तळव्यावर तोलला. “सतरा टिपा पक्क्या. दोघांच्या बाबतीत अंगठा काही बोलला नाही. त्यांना फोन करून विचारू. लोकं सांगतात. आपलं दुखणं सांगायला कुणाला कंटाळा येत नाही.”

उरलेल्या आठ जणांना प्रतबाईने स्वतः फोन केले. पुढच्या टेबलावरची मुलगी करते म्हणाली होती, तिला नको म्हणाली. प्रत्येकाला तिने तेच सांगितलं: तुमचं माप आमच्याकडून हरवलं आहे, चूक माझी आहे, परत यावं लागेल. दोघांनी शिव्या घातल्या. एकाने विचारलं, पाय परत मोजायचा तर वाढला असेल का, आणि स्वतःच हसला. एक म्हातारी बाई, सहा तासांवरच्या गावातली, म्हणाली, “येते. नाहीतरी मला तिथल्या मास्तरांना एक सांगायचं राहिलं होतं. डावीकडे खाली दुखतं ते सांगितलंच नाही मी. म्हटलं, माणूस कामात आहे.”

ते प्रतबाईने कागदावर लिहून घेतलं. डावीकडे खाली.

जाण्याआधी तिने खोली चारमधला लाल अक्षरांचा कागद काढला. भिंतीवर चिकटपट्टीचे चार पिवळे चौकोन राहिले. बाकीच्या खोल्यांमधले कागद काढायला ती गेली तेव्हा साहेब दाराशी भेटले.

“मग आता लोकांनी काय दाबायचं?”

“मला विचारायचं.”

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी.”

“बावन्न पायऱ्या आहेत, मॅडम.”

“मोजल्यात मी.”

वर येऊन तिने मुदत दहाची तीस दिवस केली, संध्याकाळच्या बॅकअपमध्ये पिल्लांना जागा दिली आणि सफाईच्या आधी एक पायरी वाढवली: यादी निघेल, आणि तिने एकेक पिल्लू उघडून बघितल्याची खूण केल्याशिवाय काही पुसलं जाणार नाही. सकाळचा चहा तिने बेसिनमध्ये ओतला, कप विसळला, पालथा ठेवला.

उद्या बुधवार. रात्रीची गाडी धरून साडेनऊला ती म्हातारी बाई खोली चारमध्ये येईल. मास्तर माप घेतील आणि टंकायला प्रतबाई बसेल. सफाईची वेळ पावणेएकच आहे. उद्याच्या यादीत अकरा पिल्लं आहेत.